‘पुन्हा मागवा’चं बटण: घरसामान एका टिचकीत मागवता का? काय मागवता, काय नाही?

माजघर (पुणे)

किराण्याच्या जवळपास प्रत्येक अ‍ॅपवर आता ‘पुन्हा मागवा’चं बटण आहे. दाबलं की मागच्या वेळची अख्खी यादी टोपलीत येऊन पडते, पैसे आधीच जोडलेल्या खात्यातून जातात आणि सामान दारात हजर. काही अ‍ॅप त्याच्याही पुढे गेली आहेत. ‘तुमचं तेल संपत आलं असेल’ अशी आठवण तीच करून देतात.

आमच्याकडे दोघंही नोकरीला, घरात सासूबाई आणि शाळकरी मुलं. भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर, फिनेल, कचऱ्याच्या पिशव्या, टूथपेस्ट ह्या गोष्टी दर महिन्याला त्याच लागतात आणि तेवढ्याच लागतात. त्यांच्यासाठी रांगेत उभं राहून हाती काही लागत नाही, हे मी ठामपणे म्हणेन. ह्या बटणामुळे शनिवारची संध्याकाळ मोकळी मिळते आणि ती मला फार मोलाची वाटते.

प्रश्न पडतो तो डाळ, तांदूळ, तेल, शेंगदाणे, गूळ ह्यांच्यापाशी. तेही त्याच यादीत, म्हणून तेही त्याच टिचकीत येतात आणि त्यांचा भाव कुणीच बघत नाही. सासूबाईंना आजही तूरडाळ, खोबरं, साखर कशी किलो आहे विचारलं तर चार-पाच रुपयांच्या फरकाने बरोबर सांगतात, कारण त्या अजून कोपऱ्यावरच्या दुकानात जातात. आमच्या वयाच्या मैत्रिणींना विचारलं तर बहुतेकींना सांगता येत नाही. घरातून हे ज्ञान गेलं, तर महागाई आपल्याला फक्त बँकेच्या मेसेजमधून कळणार.

तुम्ही कुठल्या वस्तू ह्या बटणावर ठेवता आणि कुठल्या मुद्दाम ठेवत नाही? कारणांसकट लिहा.

निवांत_नाशिक

बटणावर: डासांच्या मशीनचं रिफिल, सॅनिटरी पॅड, डायपर, मांजराचं खाणं, प्रिंटरची शाई.
बटणावर नाही: जे जे पातेल्यात जातं ते सगळं. ते बघून, शक्य असेल तर हातात घेऊनच.

इसारकाठ (म्युनिक)

ह्याच प्रश्नावर इकडे जर्मनीत कोर्टाची लढाई झाली. ती इथे सांगण्यासारखी आहे.

अ‍ॅमेझॉनने ३१ मार्च २०१५ ला अमेरिकेत ‘डॅश बटन’ जाहीर केलं. दुसरा दिवस एक एप्रिलचा, त्यामुळे पुष्कळांना ती थट्टाच वाटली. पण वस्तू खरी होती. प्लास्टिकचं छोटं बटण, त्यावर एकाच ब्रँडचं नाव, आत वायफाय. ते धुलाई यंत्राला चिकटवायचं आणि पावडर संपत आली की दाबायचं. फोन उघडायचाही त्रास नाही. किंमत ४.९९ डॉलर, आणि पहिल्या ऑर्डरमध्ये तेवढी रक्कम वजा व्हायची. पहिली मागणी पोहोचेपर्यंत दुसऱ्यांदा दाबलं तरी, तुम्ही मुद्दाम सेटिंग बदललं नसेल तर, नवी ऑर्डर जात नसे. म्हणजे घरात लहान मूल असलं तरी दहा खोकी येऊन पडायची भीती नव्हती, एवढा विचार केलेला होता. २०१६ मध्ये ते जर्मनीतही आलं.

अडचण अशी की बटणाला पडदा नव्हता. त्या पावडरची आजची किंमत काय, हे दाबताना दिसण्याची सोयच नव्हती. शिवाय अटींमध्ये कंपनीने स्वतःकडे मुभा ठेवली होती की किंमत बदलू शकेल आणि ठरलेल्या वस्तूऐवजी दुसरी वस्तूही पाठवता येईल. नॉर्डऱ्हाईन-वेस्टफालिया राज्याची ग्राहक सल्ला संस्था ह्याविरुद्ध कोर्टात गेली. १० जानेवारी २०१९ ला म्युनिकच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मागणी नोंदवण्याआधी ग्राहकाला वस्तू आणि किंमत कळलीच पाहिजे, नंतर कळून उपयोग नाही, आणि हे दाबल्यावर पैसे द्यावे लागतील असं बटणावरच स्पष्ट लिहिलेलं हवं, असा त्याचा गाभा. त्याच वर्षी फेब्रुवारीअखेर ह्या बटणांची विक्री जगभर थांबली आणि ३१ ऑगस्ट २०१९ नंतर ती चालेनाशी झाली. तोवर गिऱ्हाईक अ‍ॅपमधल्या बटणांकडे आणि स्वतःच सामान मागवणाऱ्या यंत्रांकडे वळलं होतं.

मला तो निकाल फार योग्य वाटतो. सोयीबद्दल कोर्टाने तक्रार केली नाही. किंमत न दाखवता घेतलेला होकार हा होकार नव्हे, एवढंच सांगितलं. माजघर, तुमच्या डाळीच्या प्रश्नाचं उत्तर मला ह्यातच दिसतं. फोनला पडदा आहे, त्यामुळे ‘मागच्या वेळी इतके, आज इतके’ हे दोन आकडे शेजारी शेजारी दाखवणं कुठल्याही अ‍ॅपला अवघड नाही. ते दाखवत नाहीत, कारण दाखवलं तर आपला हात थांबेल.

मिरजेचा_दुकानदार

माझं वडिलोपार्जित किराणा दुकान आहे, त्यामुळे मी दुसऱ्या बाजूने लिहितो. एका टिचकीत मागवणं आमच्या गिऱ्हाइकांना नवीन नाही. ‘मागच्या महिन्याचंच पाठवा’ हा निरोप पूर्वी मुलाच्या हाती चिठ्ठीवर यायचा, मग फोनवर, आता व्हॉट्सअ‍ॅपवर. आमच्याकडे प्रत्येक घराची वही असते, त्यात मागचा महिना बघतो आणि सामान भरतो.

पण मागच्या महिन्याचं तसंच कुणी भरत नाही, आणि सगळा फरक तिथे आहे. आपल्या घरातला महिना दुसऱ्या महिन्यासारखा नसतो. आषाढी झाली की श्रावण संपेपर्यंत साबुदाणा, भगर, राजगिरा, शेंगदाणे जास्त जातात आणि कित्येक घरांत कांदा-लसूण बंद. गणपतीत गूळ, खोबरं, तांदळाची पिठी, खसखस. दिवाळीला रवा, मैदा, पिठीसाखर, पातळ पोहे, डाळं. संक्रांतीला तीळ आणि चिक्कीचा गूळ. मार्च ते मे वर्षाचं भरायचे दिवस: गहू, मिरची, हळद, धने, मसाल्याचं सगळं. ऑगस्टची यादी सप्टेंबरला तशीच दाबली तर घरात भगरीचे पुडे पडून राहणार आणि मोदकाच्या पिठीची आठवण चतुर्थीच्या आदल्या रात्री होणार.

वही बघताना आम्ही विचारतो, ‘वहिनी, मागच्या खेपेला पाच किलो साखर नेली होती, ती बारशासाठी ना? आता दोनच देऊ?’ आमच्या दृष्टीने हा धंद्याचाच भाग आहे. नको असलेलं सामान गळ्यात मारलं तर ते घर पुढच्या महिन्यात दुसरं दुकान बघतं. बटणाला काय नेलं हे माहीत असतं, कशासाठी नेलं हे माहीत नसतं.

भावाचंही तसंच. नवी तूर साधारण जानेवारीपासून बाजारात यायला लागते, गहू मार्च-एप्रिलमध्ये. सांगलीच्या पेठेत नव्या हळदीचा हंगाम फेब्रुवारी-मार्चला भरात येतो. वर्षाचं भरणारी बाई त्या वेळी माल घेते, कारण माल ताजा असतो, आवक भरपूर असते आणि वाळवून ठेवायला ऊन असतं. जो दर महिन्याला एक-एक किलोचं पाकीट बटणावर मागवतो, तो वर्षातल्या चढ्या भावाच्या महिन्यांतही तेच पाकीट घेतो. शहरात जागा नाही, कोठी नाही, हे मला समजतं. पण जागा असेल त्यांनी निदान तांदूळ, गहू, डाळ, हळद आणि तिखट बटणावर ठेवू नये असं मी कळकळीने सांगेन.

सांजवात (ठाणे)

दुकानदारदादा, तुमची वही आणि तुमचा प्रश्न दोन्ही मला आवडले, पण एक बाजू राहते आहे.

साबुदाणा कधी वाढवायचा, पिठीसाखर कधी आणायची, साबण किती उरला, सासऱ्यांची इसबगोल कधी संपेल हे सगळं कोण लक्षात ठेवतं? बहुतेक घरांत एकच बाई. स्वयंपाक दिसतो, धुणं दिसतं, पण यादी डोक्यात वागवण्याचं काम कुणाला दिसत नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलेली असताना ‘मीठ संपलंय’ हे तिलाच आठवतं आणि घरी मीठ नसलं तर बोलणीही तिलाच बसतात. बटणाने ह्यातलं निम्मं ओझं जरी उतरवलं, तरी मी त्याचं स्वागत करेन. महिन्याला शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तर मी ते त्या मोकळेपणाची किंमत समजेन.

ज्यांना भाव तोंडपाठ असणं महत्त्वाचं वाटतं, त्यांनी हेही सांगावं की घरात ते कुणाला पाठ असायला हवेत. प्रत्येक वेळी आई, सासू, बायको ह्यांनाच का?

पितळी_डबा (सोलापूर)

सांजवात, शंभर टक्के सहमत. फक्त मला वाटतं, बटण ओझं उचलत नाही, ते वेगळ्या जागी ठेवतं. आधी यादी एकीच्या डोक्यात होती, आता एकीच्या फोनमध्ये आहे. ती आजारी पडली की घरात पुन्हा कुणालाच काही ठाऊक नसतं.

आमच्याकडे फ्रीजला पाटी लावली आहे. जो शेवटचा चमचा काढतो, त्याने नाव लिहायचं. सातवीतली मुलगी लिहिते, तिचे आजोबाही लिहितात. मागवायचं काम महिन्याआड नवरा-बायकोत फिरतं. मागवताना बटण वापरतो, पण यादी पाटीवरची.

आता भावाबद्दल, कारण मी हिशेबात काम करतो आणि ह्या विषयावर जरा सविस्तर लिहायचं आहे.

पाकिटावरच्या एमआरपीपेक्षा जास्त कुणी घेऊ शकत नाही, एवढं आपल्याला माहीत असतं आणि त्यामुळे आपण निर्धास्त असतो. पण अ‍ॅपवर आपण एमआरपी देतच नाही, सवलतीचा भाव देतो. एमआरपी २५० असलेलं पाकीट पहिल्यांदा १८० ला मिळालं, पुढे १९५, मग २१५. तिन्ही वेळा ‘सवलत’ लिहिलेली असते आणि तिन्ही वेळा नियम पाळलेला असतो. चढ कळायला मागचा आकडा समोर हवा, आणि नेमका तो एका टिचकीत गायब होतो.

दुसरी गोष्ट वजनाची. भाव तोच ठेवून पाकिटातला माल कमी करणं ही आता सर्रास पद्धत आहे. बिस्किटं, साबणाच्या वड्या, पावडर, फरसाण, सगळीकडे. डोळ्यांना पाकीट तेच दिसतं, चित्र तेच असतं. ह्यासाठी आता चांगली सोय झाली आहे. एमआरपीशेजारी प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो, प्रति मिलिलिटर किंवा प्रति लिटर असा दर पाकिटावर छापावा लागतो. तो बारीक अक्षरात असतो, पण बघायची सवय लावून घ्या. ब्रँड बदलायचा की नाही, मोठं पाकीट खरंच स्वस्त पडतं का, दोन्हीचं उत्तर त्या एका आकड्यात मिळतं. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतंच असं नाही.

तिसरी गोष्ट उलट दिशेची. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाच्या साबणाची वडी, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल ह्यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तूप-लोण्यावरचा १२ वरून ५ वर. अशा वेळी भाव उतरला पाहिजे. तो खरंच उतरला का, हे तपासायला आधी किती देत होतो ते माहीत हवं. एक टिचकी मारणाऱ्याला भाव चढलेला कळत नाही, तसा न उतरलेलाही कळत नाही.

आणि वरचे आकार. मालाची बेरीज वेगळी, हाताळणी शुल्क वेगळं, छोट्या टोपलीचं शुल्क वेगळं, पावसाचं वेगळं. शेवटच्या पानावर बेरीज बघितल्याशिवाय बोट टेकवू नका.

श्रवणवाचक (नागपूर)

मी डोळ्यांनी पाहू शकत नाही. फोन बोलून दाखवतो त्यावर सगळं करतो. म्हणून हा धागा ऐकताना मला सतत वाटत होतं की माझ्यासारख्यांचीही बाजू ह्यात यावी.

डोळस माणूस किराण्याच्या अ‍ॅपवर नजर फिरवतो आणि दोन सेकंदांत तूरडाळ शोधतो. मला प्रत्येक वस्तू, प्रत्येक जाहिरात, प्रत्येक ‘आणखी पाहा’ एकामागून एक ऐकावं लागतं. ज्या चिन्हांना अ‍ॅप बनवणाऱ्याने नावच दिलेलं नसतं, ती फोन नुसती ‘बटण’, ‘बटण’ म्हणून वाचतो. कुठलं बटण टोपलीत टाकतं आणि कुठलं काढतं, ते दाबून बघावं लागतं. महिन्याची यादी अशी भरण्यात अख्खी दुपार जाते. ‘पुन्हा मागवा’मुळे तेच काम चहा पिता पिता होतं. त्याहून मोठी गोष्ट अशी की ते कुणाच्या मदतीशिवाय होतं. स्वतःचा दाढीचा साबण स्वतः मागवणं ही माझ्यासाठी लहान गोष्ट नाही.

म्हणून ‘दुकानात जा, हातात घेऊन बघा’ हे सगळ्यांना लागू पडत नाही. गुडघे गेलेल्या आजी, व्हीलचेअरवरचा माणूस, बाळंतीण, आजाऱ्याजवळ बसलेलं माणूस, ह्यांना हे बटण दार उघडून देतं.

पण इसारकाठ ह्यांनी जो मुद्दा मांडला तो मला दुप्पट लागू होतो. भाव बदलल्याची खूण नुसत्या लाल रंगात दाखवली, तर ती माझ्यासाठी नाहीच. एक वस्तू संपली म्हणून तिच्या जागी दुसरी टाकली आणि तिचं फक्त चित्र बदललं, तर मला ते सामान दारात येईपर्यंत कळत नाही. मागे एका अ‍ॅपवरून नेहमीच्या आट्याऐवजी वेगळाच आटा आला. तो नाचणीचा आहे हे शेजारच्या काकूंनी पिशवी बघून सांगितलं. बदल शब्दांत लिहा, म्हणजे फोन तो वाचेल. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तो खटला बँका-फोनच्या ओळख पडताळणीबद्दल होता, पण ज्यांनी रोजच्या वापराची अ‍ॅप बनवायची त्यांनी तो वाचावा असं मला मनापासून वाटतं.

माजघर (पुणे)

श्रवणवाचक, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. भाव आणि बदल शब्दांत सांगणं हे तुमच्यासाठी आवश्यक आहे आणि आम्हा सगळ्यांच्याही उपयोगाचं आहे. मी वापरते त्या अ‍ॅपला आजच तशी सूचना लिहिते. इतरांनीही लिहावी, एका पत्राने फार काही होत नाही.

पितळी_डबा, पाटीची कल्पना उत्तम.

गोखले_रोड

आपल्याकडे एका टिचकीचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात मोठं उदाहरण गॅस सिलिंडरचं. आधी फोनवर आकडे दाबून नंबर लावायचो, इंडेनने जानेवारी २०२१ पासून नुसत्या मिस्ड कॉलवर नोंदणी सुरू केली. नोंदवलेल्या नंबरावरून घंटी द्यायची, ती आपोआप कटते, सिलिंडर लागतो. ह्यात एक पैसाही न बघता मागवतो आणि तरी फसत नाही. कारण वजन ठरलेलं, १४.२ किलो. भाव जाहीर, एका गावात सगळ्यांना सारखा. आणि घेताना सांकेतिक क्रमांक द्यावा लागतो. वजन ठरलेलं, भाव जाहीर आणि दारात खात्री. हे तिन्ही असेल तिथे खुशाल न बघता मागवा, असं मी म्हणेन.

ओवा_जिरं (मुलुंड)

पन्नास वर्षं चाललेला एक वेगळा रस्ता इथे नोंदवते. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून सभासदांना घरसामान पोहोचवते. शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून संघ होतो. प्रत्येक घर मागणीपत्रक भरतं, सगळ्यांचं सामान एकत्र येतं आणि संघातली माणसंच त्याचं वाटप करतात. घाऊक खरेदी असल्याने भाव चांगला, आणि माल संस्थेने पारखलेला.

ह्या धाग्याशी संबंध असा की मागणीपत्रक दर खेपेला भरावं लागतं. वस्तू छापलेल्या असतात, भाव छापलेला असतो, समोर आकडा तुम्ही घालायचा. त्याला वेळ फार लागत नाही, पण प्रत्येक ओळीपाशी नजर थांबते आणि ‘अजून अर्धा किलो आहे की’ हे आठवतं. माझ्या आईने वर्षानुवर्षं ते पत्रक भरलं, आता मी भरते. ज्यांना सोयही हवी आणि लक्षही सुटायला नको, त्यांनी जवळपास संघ आहे का ते जरूर बघावं. वाटपाच्या दिवशी शेजाऱ्यांशी बोलणं होतं, हा फायदा मला भावाइतकाच मोठा वाटतो.

लेक_दूरदेशी (टोरांटो)

आईबाबा कोल्हापुरात, दोघंही सत्तरीपुढचे. मी इथून त्यांचं सामान मागवते. किराणा, साबण, प्रौढांचे डायपर आणि औषधंही. औषधांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून विचारते. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या दर महिन्याला त्याच असतात. त्या बटणावर ठेवायला हरकत आहे का?

निंबोणी (औरंगपुरा)

लेक_दूरदेशी, मी दवाखान्यात औषधं देण्याचं काम करते, म्हणून स्पष्ट लिहिते. औषधांना हे बटण लावू नका, आणि लावलंच तर प्रत्येक खेपेला आईबाबांना फोन करून चिठ्ठी वाचायला सांगा.

कारण ‘त्याच गोळ्या’ फार दिवस त्याच राहत नाहीत. रक्तदाब आटोक्यात आला की डॉक्टर ४० मिलिग्रॅमची गोळी २० वर आणतात. एखादी बंद करून दुसरी देतात. बटणाला हे कळत नाही, ते जुनीच ४० ची पाठवत राहतं. मग घरात दोन्ही पाकिटं असतात, आणि चष्मा न लावता आजोबा कुठली घेतील ह्याचा भरवसा नाही. उतारवयात रक्तदाब एकदम खाली गेला तर चक्कर येऊन पडणं होतं, आणि त्यातून खुब्याचं हाड मोडण्यापर्यंत गोष्ट जाते. गोळीचं नावही बघा. कंपनी बदलली की पाकिटाचा रंग बदलतो आणि म्हाताऱ्या माणसांना ती वेगळीच गोळी वाटते. मग ती दोन्ही घेतात किंवा एकही घेत नाहीत.

शिवाय ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची असतात. चिठ्ठी जुनी झाली तरी तिच्यावर मागवत राहणं म्हणजे तपासणी टाळणंच. औषध संपणं हे तपासणीची आठवण करून देतं, ती आठवण बटणाने पुसू नका.

डायपर, चादरी, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या मात्र खुशाल ठेवा. पट्ट्यांची मुदत तेवढी तपासा.

लेक_दूरदेशी (टोरांटो)

निंबोणीताई, मनापासून आभार. गोळ्या यादीतून काढते. गल्लीतल्या औषधवाल्या काकांना आईबाबांची तब्येत आणि चिठ्ठी दोन्ही माहीत आहे. गोळ्या त्यांच्याकडूनच, पैसे मी इथून पाठवेन.

मिरजेचा_दुकानदार

लेक_दूरदेशी, किराण्याचंही तसंच करून बघा. कोल्हापुरात आजही पुष्कळ दुकानदार फोनवर यादी घेतात आणि घरपोच देतात. पोऱ्या सामान ठेवायला आत जातो, आजी-आजोबा दिसतात का, बरे आहेत का ते बघतो. दोन दिवस दार उघडलं नाही तर आम्ही फोन करतो.

सांजवात (ठाणे)

अवांतर, पण महत्त्वाचं. एक-एक वस्तू दहा मिनिटांत मागवायची सवय लागली की दिवसातून तीनदा कुणीतरी तरुण मुलगा ऊन-पावसात गाडी हाणत येतो, एका कोथिंबिरीच्या जुडीसाठी. एका टिचकीचा भार त्याच्यावर पडतो. आम्ही आठवड्याला एकदाच मागवतो, आणि दुपारी बारा ते चार नाही.

रोखपाल (अमरावती)

बँकेत आहे, म्हणून एक भेद स्पष्ट करतो. धाग्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. ‘पुन्हा मागवा’त बोट आपलं असतं. ‘दर महिन्याला आपोआप’ ह्यात सुरुवातीला एकदाच संमती देतो आणि पुढे आपण काही केलं नाही तरी पैसे जातात. दुसऱ्या प्रकाराला जास्त जपा.

त्यासाठी आपल्याकडे नियम चांगले आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून ठरावीक मुदतीने जाणाऱ्या रकमेची सूचना निदान २४ तास आधी द्यावी लागते आणि तो हप्ता थांबवायची सोय द्यावी लागते. साधारण खरेदीत १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही, त्यावर लागतो. यूपीआय ऑटोपेलाही आधी सूचना येते. म्हणजे बँकेचा तो मेसेज वाचायचाच, तीच एक खिडकी आहे. किराणा १५,००० च्या आतच असतो, त्यामुळे ओटीपी अडवेल ह्या भरवशावर राहू नका.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या मांडणीबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिले आहेत. न विचारता टोपलीत वस्तू टाकणं, सुरुवातीला कमी भाव दाखवून शेवटी आकार वाढवणं, सुरू करणं सोपं पण बंद करणं अवघड ठेवणं, हे तिन्ही त्यात आहेत.

निवांत_नाशिक

रोखपाल, एका अ‍ॅपवर आपोआप येणारं दूध मी बंद केलं, तरी पैसे जातच राहिले. अ‍ॅपमध्ये ‘बंद’ दिसतं. काय करायचं?

रोखपाल (अमरावती)

अ‍ॅपमध्ये मागणी बंद होणं आणि बँकेकडची संमती रद्द होणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या यूपीआय अ‍ॅपवरून संमती दिली होती, त्यातच ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ असा भाग असतो. तिथे त्या विक्रेत्याचं नाव शोधून संमती रद्द करा. पिन मागेल, तो घाला. कार्डावरून दिली असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा संकेतस्थळावर ई-मँडेटची यादी असते, तिथून रद्द करा किंवा शाखेत लेखी द्या. रद्द झाल्याच्या मेसेजचा फोटो ठेवा.

आधी गेलेल्या पैशांसाठी विक्रेत्याकडे लेखी मागणी करा, बंद केल्याची तारीख त्यात घाला. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. मराठीत बोलता येतं. तक्रार क्रमांक देतील तो लिहून घ्या, आणि काय होतंय ते इथेही कळवा.